दोनदा दाबलेली चांदणी

संगमेश्वर, जि. रत्नागिरी
ता. ३ नोव्हेंबर २०२४

चि. राजश्री हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहावं की नाही ते सुचलं नाही, म्हणून नुसतं चि. लिहिलं. राग मानू नकोस. इकडे ठीक. भात झोडून झालं. माझा गुडघा दुखतो, पण चालतो. तुझी आई बरी आहे.

तू बरी आहेस ना? एवढंच आधी कळव. बाकीचं पत्र मग वाचलंस तरी चालेल.

तुझा जुना नंबर लागत नाही. सांगलीत तुझ्या खोलीखाली महादेव शिंप्याचं दुकान आहे, असं तू एकदा लिहिलं होतंस. त्यावरून पाकिटावर पत्ता घातलाय. हो, तू लिहितेस ते मी वाचतो. तीन वर्षं वाचतोय. वाचनालयातल्या अभयला तुझं लिखाण इंटरनेटवर दिसलं, तेव्हा त्याने माझ्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. तू काही नवीन लिहिलंस की ते आपोआप त्यात येऊन पडायचं. घरात रेंज नाही, म्हणून रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वरच्या कातळाच्या सड्यावर चढायचो. तुझ्याकडे जायचं तर मळक्या कपड्यांनी कसं जाणार? मग खाली येऊन आईला वाचून दाखवायचो, अक्षर लावत लावत. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. डब्यात लावलेल्या मिरचीला फूल आलं ते वाचलं. नोकरी सुटली ते वाचलं. नऊ दिवस ताप होता, तेही.

प्रत्येक लेखाच्या कडेला एक चांदणी असते. वाचून झालं की मी ती दाबायचो. मला वाटायचं, ती तुला दिसते. आप्पा येऊन गेले, एवढं तुला कळतं.

गणपतीत तू लिहिलंस, "कोणी वाचतं की नाही, कळत नाही. आता पुरे." मी चांदणी दाबली. वाटलं, बघेल आणि लिहील. त्यानंतर काही आलंच नाही. सड्यावर दोनदा जायला लागलो, मग चारदा. परवा त्यात लाल अक्षरं आली, फीड मिळत नाही. तसाच अभयकडे गेलो.

"आप्पा, ताईने तिचं पानच बंद केलंय वाटतं," तो म्हणाला. "फीड म्हणजे तिने दाराबाहेर लावलेली यादी. काय नवीन लिहिलं ते त्यात असतं. तुमचं ॲप सारखं जाऊन ती यादी बघून यायचं. आता यादीच नाही."

"आणि माझ्या चांदण्या?"

"त्या तुमच्या खुणेसाठी हो. तुमच्या फोनातच राहतात."

"म्हणजे तिला कळलंच नाही?"

"यादी कोण बघून गेलं, त्याचं नाव तिला कळत नाही, आप्पा."

घरी येऊन फोन सदऱ्याला पुसत बसलो. तुझी आई म्हणाली, "आता फोन पुसताय! पोर बॅग घेऊन उंबऱ्यात उभी होती, तेव्हा नाय पुसलेत तिचे डोळे."

तेवढंच लिहायचं टाळत होतो. नवऱ्याचं घर सोडून तू आलीस. मी म्हटलं, आधी त्याला विचारून ये. पाणीसुद्धा विचारलं नाही. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. तुझ्या गालावर वळ होता. मला दिसला नाही, असं आजवर आईला सांगत आलो. दिसला होता, राजू.

त्या दिवसाबद्दल तू एकदाच लिहिलंस. "वडिलांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही." ते वाचून मी चांदणी दोनदा दाबली. एकदा दाबून भागणार नाही असं वाटलं. अभय म्हणतो, दोनदा दाबली की ती निघून जाते. एकशे चौदा लेखांत तेवढ्या एकावर चांदणी नाही.

फोनात आलेले लेख अजून आहेत. तेही जातील या भीतीने वहीत उतरवून घेतोय. बावीस झाले. अक्षर वाईट आहे, पण तुझा शब्द एकही गाळलेला नाही. सड्यावर अजून जातो. काही येणार नाही हे माहीत असून जातो.

महादेवभाऊ, पत्र तुमच्या हाती पडलं आणि ती तिथे नसेल, तर कुठे गेली ते तरी कळवा. पाया पडतो.

राजू, लिहवत नसेल तर कोरं कार्ड टाक. पाकिटात माझा पत्ता घातलेलं ठेवलंय.

तो वळ पाहिलेला,
तुझा आप्पा