हामाउरीची ओहोटी

इशिगाकी बेट, जपान,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा व आई यांस कश्मिराचा शि. सा. न.

बाबा, फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही मनाने लावता, म्हणून कागदावरच लिहिते. बँकेने मला काढलेलं नाही. शिडाची होडी घेतली म्हणून मी आणि विनायकने टोकियोतल्या नोकऱ्या सोडल्या. रेवदंडाभर भलतं सांगत सुटू नका.

होडी जुनी आहे. आत दोघं झोपतात, तिसऱ्याने उभं राहायचं. वारा पाहून एका बेटावरून दुसऱ्या बेटाला जातो. शीड चढवण्याआधी विनायक अजून ऑफिससारखी मीटिंग घेतो. सध्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावर हिरवं शेवाळ आलंय, त्याची मी बेसन लावून भजी करते. पण हवं ते उचलता येत नाही. कुठले शिंपले काढायचे ते मच्छीमार सोसायटीला विचारावं लागतं.

शेजारच्या लहान बेटावर हारुए-सान नावाच्या आजी भेटल्या. त्यांच्या पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला सगळ्या बायका समुद्रावर उतरतात, पाय धुतात आणि मोठ्या ओहोटीत शिंपले गोळा करतात. त्याला हामाउरी म्हणतात. मला त्यांनी आताच सांगून ठेवलंय. आईला सांगा, परक्या गावात हळदीकुंकवाचं बोलावणं यावं तसं वाटलं.

आहे तेवढी माया असू द्या, फक्त काळजी कमी करा.

तुमची,
कश्मिरा

---

रेवदंडा,
१२ मार्च २०२५

चि. कश्मिरा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. लोक विचारतात तेव्हा तुझी आई सांगते की मुलीची बेटावर बदली झाली. ते खोटे नाही, असे तिचे म्हणणे. तिचा गुडघा बरा आहे. आंब्याचा मोहर मात्र बराच गळला.

परवा ओहोटीला खडपावरची कालवे काढायला गेलो होतो. फोडून होईपर्यंत कंबर धरली. तू असतीस तर निम्मी वाटेतच खाल्ली असतीस. हामाउरीला जरूर जा. बोलावणाऱ्या माणसांना नाही म्हणू नये. चि. विनायकराव यांना आशीर्वाद. मीटिंगचा वृत्तांत त्यांनी आम्हालाही पाठवावा.

मे महिन्यात चार दिवस तरी या. वाट पाहणाऱ्यांना विसरू नये, ही विनंती.

तुझा,
बाबा

---

इशिगाकीजवळचं बेट,
२ मे २०२५

ती. बाबांस विनायकचा सा. न.

आदित्य बहिणीच्या, कश्मिराच्या अस्थी घेऊन तिकडे आला, मी आलो नाही. तुम्हा दोघांसमोर उभं राहण्याचं धाडस झालं नाही. नेमकं काय झालं ते तुम्ही त्याच्याकरवी विचारलंत. सांगतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हामाउरी होती. खडप पार टोकापर्यंत उघडं पडलं होतं. ती मलाही चल म्हणाली. मी म्हटलं, बायकांचा सण आहे, मी कशाला. आणि होडीवर पंप दुरुस्त करत बसलो. बायकांच्या घोळक्यात ती हसताना मला लांबून दिसत होती.

तिने जाळीच्या नक्षीचा एक शंख उचलून मुठीत धरला. आतला प्राणी जिवंत होता. त्याने तळहाताला डंख केला. काटा टोचल्याइतकंच दुखलं, म्हणून ती कोणाला बोलली नाही. हारुए-सानांनी तिच्या हातातला शंख पाहिला तेव्हा तिचे ओठ बधिर झाले होते. मी छोट्या नावेतून पोचलो. मला म्हणाली, घाबरू नकोस, नुसती जीभ जड झालीय. मग तिला श्वास घेता येईना. डॉक्टर येईपर्यंत मी आणि हारुए-सान आळीपाळीने तोंडाने श्वास देत होतो. पुढे हेलिकॉप्टरही आलं. या विषावर औषध नाही, असं इस्पितळात सांगितलं. संध्याकाळी ती गेली. मी शेवटपर्यंत तिच्याशी बोलत होतो. तिला ऐकू जात होतं का, ते कळायला मार्ग नव्हता.

अजून त्याच बेटाच्या धक्क्यावर आहे. नांगर उचलवत नाही. हारुए-सान रोज डबा ठेवून जातात. मला घास गिळवत नाही, डबा तसाच परत ठेवतो. मी तिच्याबरोबर उतरलो असतो तर, एवढंच डोक्यात असतं.

तुमचा लोभ मागायचा हक्क मला राहिला आहे का, माहीत नाही.

विनायक

---

रेवदंडा,
१९ मे २०२५

चि. विनायक यास अनेक आशीर्वाद.

आजवर तुम्हाला विनायकराव म्हटले, अहो-जाहो केले. पत्र वाचल्यावर ते जमेना. आता तूच म्हणतो.

पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती उठून आत गेली, परत आली आणि म्हणाली, म्हणजे पोर एकटी नव्हती. इतक्या दिवसांत ती प्रथमच धड बोलली.

राग आला नाही असे लिहिले तर खोटे होईल. आदित्य एकटाच दारात उभा राहिला तेव्हा फार आला होता. आता नाही. मी तिला लहानपणी खडपात नेलेच नसते तर, असे मीही म्हणून पाहतो. त्याला शेवट नाही, बाळा.

जूनमध्ये आम्ही दोघे येतो. आदित्य सोडायला येईल. आई कधी विमानात बसलेली नाही, पण तिला हारुए-सानांना भेटायचे आहे. होडीचे काय करायचे ते तिघे मिळून ठरवू. तोवर एक कर. त्या दिवशी त्या बाईंनीही आपला श्वास तिला दिला. रोज भरलेला डबा परत नेताना त्यांचे काय होत असेल, याचा विचार कर. उद्याचा डबा उघड आणि चार घास खा.

हक्काचे विचारलेस, ते पुन्हा विचारू नकोस.

तुझे,
आई-बाबा