भिंतीपलीकडच्या गोगलगायी

२९ सप्टेंबर, रविवार

परसबाग मंडळाची बैठक आमच्या अंगणात. मंडळ म्हणजे मी, शेजारचे मोहनराव, मोटार रिवाइंडिंगवाला बंकट आणि कोपऱ्यावरच्या केसरबाई. विषय: झाडं आणि कीड. सोबत चहा, भजी.

बैठक कसली, शिसारी. मोहनराव बोलता बोलता माझ्या जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण बोटांनी चिरडतात, पांढरा लगदा पायजम्याला पुसतात आणि तोच हात भज्यांच्या ताटात घालतात. त्यानंतर मी एकाही भज्याला शिवलो नाही. (आधी बरीच खाऊन झाली होती.) केसरबाईंनी गुलाबावरच्या माव्याचं रसभरीत वर्णन केलं. बंकट म्हणाला, मावशी, चटणी केली तर आमालाबी वाडगाभर धाडा. सगळे हसले. या लोकांना मनातून कीड आवडते, असा माझा संशय आहे.

मी मात्र मुद्द्याचं बोललो. लेक तेजश्री बाळंतपणाला आलीय. तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून सत्यशीलाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, नवस बोललाय: नवरात्रात घटाला नऊच्या नऊ माळा घरच्या झाडांच्याच. विकतचं एक फूल चालणार नाही. तेव्हा फुलांची सगळी जबाबदारी मी जाहीरपणे अंगावर घेतली. जन्म कालवा निरीक्षक म्हणून काढला. माजलगावच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. झेंडूचे दोन वाफे म्हणजे काय!

सत्यशीलाने आणि मोहनरावांच्या वत्सलाबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. कौतुक असावं.

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ

अनवाणी अंगणात गेलो. पायाखाली आधी कचकन, मग काहीतरी गार, मग चिकट. गोगलगाय! पाय फिनाईलने धुतला, साबणाने धुतला, परत फिनाईलने धुतला. अजून बुळबुळीत वाटतो.

झेंडूच्या पानांवर चांदीच्या रेघा. कळ्या अर्ध्या कुरतडलेल्या. एका कळीवर दोघी बसून जेवत होत्या. घाई नाही, लाज नाही. सरकारी बंगल्यावर उतरलेले पाहुणे असेच जेवायचे.

ठराव: मिठाची गोणी आणणे. उद्या समूळ नायनाट.

२ ऑक्टोबर, बुधवार

मीठ आणलं. पण आज गांधी जयंती. आजच्या दिवशी हत्याकांड शोभत नाही. उद्या.

रात्री सत्यशीलाला बेत सांगितला. ती म्हणाली, उद्या देवी बसायची हाय. दसऱ्यापर्यंत अंगणात जीव मारायचा न्हाई, सांगून ठेवते.

मीठ माळ्यावर ठेवलं. चढताना फुटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार. पहिली माळ

घट बसला. काळी माती, गहू पेरलेला, वर माळ. आमच्यात पहिली माळ विड्याच्या पानांची असते. पानं बाजारातून आणली. नवस फुलांचा आहे, पानं त्यात मोडत नाहीत. निष्कर्ष: पहिला दिवस शंभर टक्के यशस्वी.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. दुसरी माळ

माळ झाली. माझ्याच वाफ्यातली फुलं. थोडी कुरतडलेली होती, ती बाजू घटाकडे केली. देवीच्या बाजूने दिसली असतील म्हणा.

रात्री मात्र एक पूर्ण वाफा फस्त. नुसत्या काड्या. मारायचं नाही ठीक, पण हलवायला बंदी नाही. मी या योजनेला अहिंसक स्थलांतर असं नाव दिलं आहे. गोगलगाय चिमट्यात धरायची आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे सोडायची. पलीकडे मोहनरावांचं अंगण आहे. त्यांच्याकडे झेंडूचं रान माजलंय. खातील तिथे पोटभर. कुणाचंच नुकसान नाही.

चिमटा स्वयंपाकघरातला. धुऊन जागेवर ठेवला. कुणाला सांगायची गरज नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार. तिसरी माळ

दुसऱ्या वाफ्यात मला एकही फूल दिसलं नाही. तरी घटावर भरगच्च माळ. सत्यशीला अंधारातच उठते, मी उठायच्या आत फुलं तोडत असणार. म्हणजे झाडं देतायत, मला फक्त दिसत नाहीत. योजना लागू पडली.

पोळीला कसलासा वास येत होता. चिमट्याचा विचार केला आणि अर्धी पोळी ताटात ठेवली.

६ ऑक्टोबर, रविवार. चौथी माळ

बैठक मोहनरावांकडे. त्यांचा झेंडू बघून जीव जळाला. टपोरी फुलं, भिंतीला लागून दाट रांग. उपासाची भगर छान होती, पण ताटलीशेजारी मोहनरावांनी काठीने उचललेली गोगलगाय आणून ठेवली. दाखवायला! शी. ती शिंगं बाहेर काढून भगरीकडे बघत होती.

मोहनराव म्हणाले, यंदा लई झाल्यात, कुठून येत्यात तेच कळंना. रोज वेचतो, रोज तेवढ्याच. केसरबाई म्हणाल्या, माझ्याकडं तर एक न्हाई. मीही म्हणालो, माझ्याकडेही नाही. मोहनरावांनी बिचाऱ्यांनी मान हलवली. आळशी माणूस. अंगणात स्वच्छता नसेल तर कीड येणारच, असं मी त्यांना प्रेमाने समजावलं.

बंकटने उपाय सांगितला. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून झाडांपासून लांब कोपऱ्यात टाकायचं, रात्रीतून सगळ्या त्याखाली गोळा होतात, सकाळी उन्हं यायच्या आत उचलायचं. उपाय बरा आहे, पण सुधारणेला वाव आहे. शत्रूला लांब कशाला बोलवायचं? मी गोणपाट थेट वाफ्यात अंथरणार.

७ ऑक्टोबर, सोमवार. पाचवी माळ

उठायला उशीर झाला. ऑक्टोबरच्या उकाड्यात झोप लागत नाही, लागली की उतरत नाही.

गोणपाट उचललं. माजलगावातल्या सगळ्या गोगलगायी माझ्याकडे जेवायला आल्या होत्या. एकीवर एक, चिकट, फेसाळ, वळवळणारा ढीग. वरून मुंग्या. तुळशीजवळ जाऊन ओकारी दाबली. दुसरा वाफाही गेला. एक रोप उभं होतं, त्याला धक्का लागला आणि तेही पडलं.

सगळ्या सुपड्यात भरून भिंतीवरून पलीकडे ओतल्या.

घटावर पाचवी माळ कालच्यापेक्षा सरस. झाडाविना फुलं देणारी बाग! मंडळात यावर बोललं पाहिजे.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सहावी माळ

डोक्यात प्रकाश. माझी बाग स्वच्छ, मी शिस्तीचा, तरी गोगलगायी येतात. मग येतात कुठून? उघड आहे. मोहनरावांच्या अंगणातून! ते स्वतःच कबूल करतात की त्यांच्याकडे लई झाल्यात. शेजाऱ्याची घाण मी उपसतोय.

शिवाय हे गृहस्थ रोज सकाळी स्कूटरवर एक गोणी टाकून माळाकडे जातात. विचारलं तर हसून हात हलवतात. गोणीत काय असतं? छुपं खत आणत असणार. म्हणूनच झेंडू टपोरा.

पण आरोपाला पुरावा लागतो. कालव्यावर पाणीचोर पकडायचे तर खूण करावी लागायची. तोच मार्ग. माझ्याकडे सापडलेल्या प्रत्येक गोगलगायीच्या पाठीवर लाल खूण करायची, पलीकडे टाकायची, आणि परत आली की रंगेहाथ पकडायची.

तेजश्रीचं नेलपॉलिश घेतलं. ती झोपली होती. पाय सुजलेत पोरीचे.

९ ऑक्टोबर, बुधवार. सातवी माळ

सिद्ध झालं! लाल टिकलीवाल्या तीन-चार गोगलगायी परत माझ्या अंगणात. मोहनरावांकडून आलेल्या! आनंदाने ओरडणार होतो, पण एक माझ्या चपलेत होती आणि मी चपलेत पाय घातला होता.

तेजश्री म्हणाली, बाबा, माझं नेलपॉलिश कुठं दिसलं का? डॉक्टरांनी काय काय आणायला सांगितलंय त्याची मीही चौकशी केली आणि विषय बदलला.

१० ऑक्टोबर, गुरुवार. आठवी माळ

दसऱ्याला सगळे सोनं द्यायला येतील तेव्हा पुरावा मांडायचा, हे नक्की. पण तीन-चार नमुन्यांवर कोण विश्वास ठेवणार? नमुना मोठा हवा. म्हणून काल रात्री पुन्हा गोणपाट, पुन्हा गूळ, यावेळी दुप्पट. संध्याकाळपर्यंत बादली भरली. एकेकीला पाठीवर टिकली लावत बसलो. हात चिकट, नाक बंद, नेलपॉलिशचा वास आणि त्यांचा वास मिसळून डोकं फिरलं. शास्त्रासाठी माणसाने किती सोसावं?

अंधार पडल्यावर बादली भिंतीवरून पलीकडे. नेलपॉलिश संपलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. नववी माळ

घरात काहीतरी बिनसलंय. सत्यशीला सकाळपासून भिंतीजवळ वत्सलाबाईंशी कुजबुजत होती. मग देवघरात बराच वेळ. नववी माळ लावली ती बोटभर. चार-पाच फुलं, बाकी कळ्या, त्याही कुरतडलेल्या. तिचे डोळे लाल होते. मी म्हणालो, एवढ्याशा माळेने देवी रागावत नाही. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी अंगणात येऊन उभा राहिलो.

भिंतीपलीकडे मोहनराव वाकून काहीतरी वेचत होते. डोळे तारवटलेले. रात्रभर झोपले नसावेत. अपराधी मनाला झोप कुठली?

परत आलेल्या लाल टिकल्या डब्यात जमवल्या. उद्या.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. रात्री

सगळे आले. आपट्याची पानं दिली-घेतली. श्रीखंड वाढायच्या आधीच मी उठलो आणि डबा मधोमध ठेवून झाकण काढलं. केसरबाई शी म्हणत मागे सरकल्या. मी सगळं सांगितलं. टप्प्याटप्प्याने. घुसखोरी, संशय, खूण, पुरावा.

बंकट म्हणाला, म्हंजी साहेब, तुमी आधी पलीकडं टाकल्या?

मी म्हणालो, अर्थात. टाकल्याशिवाय परत कशा येणार?

म्हणजे रोज? बंकटने विचारलं. मी म्हणालो, शास्त्रात सातत्य लागतं.

मोहनराव उठले, स्कूटरची गोणी घेऊन आले आणि तोंड सोडलं. आत लालच लाल. म्हणाले, वत्सला मारू देत न्हाई देवीत, म्हणून रोज माळावर सोडून येतोय. परवाची रात तर बॅटरी घेऊन वेचीत बसलतो, तरी निम्मी फुलं गेलीच. आन टिकली कावून लावली ते आत्ता कळालं.

तेजश्री गोणीकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा, हा माझा साखरपुड्याचा शेड आहे.

हेही मी निभावलं असतं. पण मग सत्यशीला बोलली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, त्यांच्या भिंतीकडंची रांग आपली हाय. बी माझं, रोपं माझी. श्रावणातच अर्धी वैनीच्या अंगणात लावून ठेवलती. लेकीच्या नवसाचं तुमच्यावर कसं सोडू वो मी? मागल्या साली मिरच्यांचं काय केलं ते पाहिलं न्हाई का? रोज पहाटं वैनी भिंतीवरून फुलं देत हुत्या. तिसऱ्या माळेपासून सगळ्या तिथल्या. आन तुमी त्याच्यावरच बादली वतली.

श्रीखंड खाल्लं नाही. प्रथमच, कीड समोर नसताना.

एक नोंद राहावी म्हणून लिहितो: गोगलगायी भिंत ओलांडतात, हा माझा निष्कर्ष बरोबरच होता. पण तो कुणाला सांगायची इच्छा नाही. लाज वाटते. तेजश्रीला काही झालं तर, हा विचार जात नाही. पाच फुलांच्या माळेने देवी खरंच रागावत नाही ना? हे विचारायचं तर कुणाला? घरात एकीशी बोलणं बंद आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे तेजश्री बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडलो. बंकट सोबत होता, त्याने दुसरीकडे तोंड फिरवून तंबाखू मळली. या एका प्रसंगी मला त्याची किळस आली नाही.

सत्यशीलाने घरी येऊन पेढ्यांचा पहिला पुडा देवीपुढे ठेवला, दुसरा भिंतीवरून पलीकडे दिला. मला तिसऱ्यातला एक मिळाला.

दसरा झाल्यामुळे आता मीठ चालतं. रोज संध्याकाळी मोहनरावांच्या अंगणातल्या गोगलगायी मी वेचायच्या, असं ठरलं आहे. कुणी ठरवलं ते लिहीत नाही. आज वेचल्या, त्यातल्या बहुतेकींना लाल टिकली होती. मोहनराव शेजारी खुर्ची टाकून बसले होते, नातीचं नाव काय ठेवणार विचारत होते. वत्सलाबाईंनी चहा दिला, पण सांगून ठेवलं, की येताना-जाताना भावजींनी गेटातूनच यायचं. भिंतीजवळ नुसतं उभं राहायचं न्हाई.