मुदतीत दिलेला अर्ज

मामंजी, तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर उभं राहून मी एक वाक्य धड पुरं केलं नाही. आज करणार आहे. आज मी इतकी खुशीत आहे की सकाळपासून दोनदा चहा झाला, तोही साखरेचा, आणि डॉक्टरला विचारायला मी काही गेले नाही. रागात असले की मला नुसतं रडू येतं, भांडता येत नाही. खुशीत असले की जुनी भांडणंसुद्धा नीट आठवतात. तर ऐका.

आज मी आपल्या करोंदच्या घराचा अर्ज दिला. उरलेली पुढची खोलीसुद्धा आता पुलासाठी जातेय, आणि सरकारने लावलेला भाव असा की तुमच्या वेळचा बरा म्हणावा. पैसे घेतले, पण हरकत राखून घेतले, आणि भाव वाढवून मिळावा म्हणून कोर्टाकडे प्रकरण पाठवा, असा अर्ज दिला. मुदत संपायच्या आत दिला, मामंजी, आणि थेट जिथे द्यायचा तिथे दिला. तुम्ही मात्र असं केलं नाहीत.

स्वयंपाकघर आग्नेयेलाच पाहिजे, म्हणून घर बांधताना तुम्ही ते रस्त्याच्या अंगाला काढलंत. मी शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये पडवीत स्टोव्ह पेटवून संसार केलेली बाई, मला काय आनंद झाला होता! खिडकीतून मंडीकडे जाणारे धान्याचे ट्रॅक्टर दिसायचे, आणि त्यांच्या धुळीवर मी रोज ओरडायचे, तेसुद्धा आनंदानेच. मग रस्ता रुंद करायचा निघाला आणि बरोबर माझं स्वयंपाकघर गेलं, तेही कवडीमोल भावाने. अग्निदेव आग्नेयेला असतो म्हणे. असेल, पण त्या वर्षी तिथे बुलडोझर होता.

शेजारचे शेठजी, धान्याचा व्यापार करणारे, त्यांचीही जागा गेली होती; ते कुंपणावरून तुम्हाला म्हणाले, "बाबूजी, कलेक्टरी में सीधे अर्जी डालो. छह हफ्ते हैं, फिर कोई नहीं पूछेगा." आणि तुम्ही हसलात. सरकारी माणसाला व्यापारी काय शिकवणार! तुम्ही नोकरीत होतात, हेडक्लार्क होतात. सरकारी नोकराने वरच्या साहेबांमार्फतच सरकारला लिहावं, हा तुमचा धर्म. ऑफिसच्या कामाचा अर्ज आणि स्वतःच्या चुलीचा अर्ज यांत तुम्हाला फरकच दिसत नव्हता. काय सुंदर अक्षरात लिहिलात तो! आणि नेऊन दिलात कुठे, तर स्वतःच्या साहेबांच्या टेबलावर.

मी दारात उभी आहे. हातात उलथनं, डोक्यावर पदर, पाठीमागे पत्र्याखाली मांडलेली चूल. तुम्ही जेवायला बसलाय. मी म्हणते, "मामंजी, शेठजी म्हणतात सरळ कलेक्टर कचेरीत..." तुम्ही ताटातून मान वर करत नाही. म्हणता, "सूनबाई, पोळी करपतेय."

पोळी करपत नव्हती. मी आत्ताच उलटली होती ती.

तो अर्ज साहेबांकडून मोठ्या साहेबांकडे गेला, मोठे साहेब दौऱ्यावर, मग फाइल खाली आली, मग पुन्हा वर. कलेक्टरीत पोचला तोवर मुदत संपून गेली होती. उत्तर आलं ते तुम्ही सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलंत, आणि वाईट काय वाटलं तुम्हाला? तर उत्तरातली भाषा अशुद्ध आहे! ती चूल मात्र वीस पावसाळे पत्र्याखालीच राहिली. हिवाळ्यात पहाटे कणीक मळताना बोटं वाकत नव्हती माझी. तेव्हा तुम्ही मला नवा पितळी स्टोव्ह आणून दिलात, आणि मी तुमच्या पाया पडले. आज पडले नसते.

बरं, एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण शेठजींच्या केसचा कोर्टात निकाल लागला, त्यांचा भाव वाढला. तो भला माणूस मिठाई घेऊन आला आणि म्हणाला, "बाबूजी, अब आप भी लगा दो, इसी फैसले पर. तीन महीने की मोहलत है, मैं खुद साथ चलता हूँ." देवाने दुसऱ्यांदा दार उघडलं होतं हो! आणि तुम्ही काय म्हणालात? "एका विषयावर दोन अर्ज करणं नियमात बसत नाही." पहिला कधीच मेलेला, आणि तुम्ही त्याचं सुतक पाळत बसलात. शेठजींचा पेढा मात्र खाल्लात. तोही ते गेल्यावर, डबा मी झाकून ठेवला होता त्यातून.

तुमची पणती आता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाराणा प्रताप नगरला एका वकीलबाईंकडे काम शिकते. माझ्या नातीची जीभ माझ्यासारखी, पण ती वापरते. तिनेच अर्ज तयार केला आणि म्हणाली, "आजी, चल, तूच दे, घर तुझ्या नावावर आहे." गेलो. कलेक्टरीतल्या खिडकीवरचा बाबू म्हणतो, "माँजी, पहले तहसील से लिखवा लाइए, फिर यहाँ आइए." मी कोपर खिडकीत रोवलं. "बेटा, मैं कहीं नहीं जाऊँगी. यहीं लो और यहीं ठप्पा लगाओ." "अरे माँजी, पीछे लाइन लगी है." "लगने दो. मेरी तो चालीस साल से लगी है." मागच्या लायनीतला एकजण मोठ्याने हसला. नात कोपऱ्यात तोंडावर ओढणी धरून. बाबूने ठप्पा मारला, तो इतका जोरात की शाई माझ्या बोटाला लागली.

आता कोर्ट काय करेल ते करेल. मुदतीवरून मला कोणी परत पाठवणार नाही. नातीने त्या आनंदात रस्त्यातच मला कुल्फी खायला लावली.

हे तुम्हाला पोचणार नाही, ते बरंच आहे. जिवंत असतात तर मी लिहिलं नसतं, आणि लिहिलं असतं तर तुम्ही अक्षर सुधारायला परत दिलं असतं. एवढं एक मात्र सांगून टाकते. पावती देताना त्या बाबूने विचारलं, "माँजी, इतना कायदा किसने सिखाया?" नात एव्हाना शेजारी येऊन उभी होती, तिचं नाव घ्यायचं ते सोडून मी म्हटलं, "मेरे ससुर जी ने. सरकारी दफ्तर में हेडक्लार्क थे." तो खुर्चीतून अर्धा उठला, मामंजी. आणि मला बरं वाटलं.