बावीस आत, तेवीस बाहेर

ती. मामांस,

तुमच्या लाडक्या (निदान कालपर्यंत तरी लाडक्या) भाचीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढवत नाही म्हणून मामी काळजीत असतात, पण काल दुपारी तो भलताच चपळ दिसला, म्हणून मुद्दाम विचारते. (कालपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.)

तर झालं असं. आमचा सुरक्षा व्यवस्थापनाचा वर्ग काल तुमच्याच कंपनीत पाहणीला आला होता. तुमच्या सुरक्षाप्रमुखांनी (वर्गात आम्ही त्यांना कुलूपकाका म्हणतो, पण हे तुमच्यापाशीच ठेवा) आम्हाला दोन तास फिरवलं. कॅमेरे दाखवले, कार्ड टेकवल्याशिवाय न उघडणारी दारं दाखवली, त्यातल्या एका दारात माझी पिशवी अडकली तर वर अभिमानाने हसले. त्यांच्या मते सगळी सुरक्षा एका गोष्टीत आहे: जितकी माणसं आत, तितकीच बाहेर. फाटकावरचा रखवालदार त्यांनीच तयार केलेला. मोजायला लागला की सख्ख्या बापालाही सोडत नाही म्हणे. आत जाताना आम्ही बावीस होतो. बाहेर पडताना भरलो तेवीस!

दोन तासांचं व्याख्यान, आणि सगळं मुसळ केरात. कुलूपकाका लालबुंद झाले. तेविसावा कोण हे कळेपर्यंत कुणालाही प्रमाणपत्र नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मामा, सोमवारी माझी मुलाखत आहे, आणि प्रमाणपत्राशिवाय ते मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. आता रांगेच्या शेवटी, छातीशी वही धरून, विद्यार्थ्याचा निरागस चेहरा करून (पंचावन्नाव्या वर्षी हे सोपं नाही, मानलं तुम्हाला!) कोण चाललं होतं, ते मी पाहिलं. तुमच्या कॅरमची फायनल तीन वाजता होती, हेही मला ठाऊक आहे. एकीकडे नोकरी, दुसरीकडे मला सायकल शिकवणारा मामा. खरं सांगते, रडू आलं.

तुमची,
धर्मसंकटात सापडलेली भाची

ता. क. : सोबत तुमच्या वतीने कबुलीपत्र लिहून जोडलं आहे. फक्त सही करा. कारण दाढदुखीचं घातलंय.

ता. क. २ : सहीची घाई नको. तुम्ही कबूल करणार याची खात्री होती, म्हणून तुमचं नाव मी सकाळीच सांगून टाकलं.

ता. क. ३ : आत्ताच कुलूपकाकांचा फोन आला. तेविसावे तुम्ही नव्हताच! कुलूपकाका आम्हाला पोचवायला फाटकाबाहेर आले, तेव्हा रखवालदाराने नियमाप्रमाणे त्यांनाही मोजलं. आमची प्रमाणपत्रं सुटली. तुमचं मात्र अवघड झालंय. मोजणीत तुम्ही कुठेच नाही, मग बाहेर पडलात कसे, हे त्यांना कळेना. उद्या दहाला तुम्हाला बोलावलंय, पुढच्या वर्गाला तेवढंच शिकवायला. शिक्षा करणार नाही म्हणाले. ते मामी बघून घेतील. पत्र त्यांच्याच हाती देते आहे, आणि पाकीट चिकटवायला घरात डिंक सापडला नाही.