टायराची हवा

३ फेब्रुवारी १९९१, शहागड
रबरी फुंकणी फुटली. कॅमेऱ्यातली धूळ उडवायची ती. नवी पस्तीस रुपयांना. पण खरा खर्चा वेगळाच — जालन्याची एसटी, दिवसभर स्टुडिओ बंद, आलेलं गिऱ्हाईक परत! आणि शेजारी पुंजारामचं पंक्चरचं दुकान. त्याची हवा फुकट.

४ फेब्रुवारी
भिंग काढून कॅमेरा पुंजारामपुढं धरला. बिचकला. "दादा, ही ट्रकच्या टायराची हवा हाये. हवेच्या टाकीत साचलेलं पाणी बी सोडलं न्हाई आज." म्हटलं, लांबून मार. फुस्स! हायवेची सगळी धूळ गेली. रोल आत होता, म्हणून मागचं झाकण उघडलं नाही. बटण दाबून कानानंच पारखलं — टक्क. बराबर. चहाच्या टपरीवर बसून दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांचे आवाज ऐकत शिकलोय मी. आज शहागडात भिंतीवरचा कुठलाही फोटो उलटा करा, मागं शिक्का माझाच!

७ फेब्रुवारी
दुर्गाबाईच्या नातीचं बारसं. बाईचे दोघे भाऊ, कारभारी आणि बद्रीनाथ — बांधावरून अकरा वर्षं अबोला. बाईनं आज दोघांना एका सतरंजीवर बसवलं. बोलले नाहीत, पण बसले. मला हळूच म्हणाली, एवढा फोटो तेवढा नीट येऊ द्या.

८ फेब्रुवारी
रोल धुतला. बारशाचा सगळा कोरा! झाकण उघडून पाहिलं. फिल्मपुढचा पडदा हवेच्या माऱ्यानं वाकून बसलाय, कडेला पाण्याचे डाग. मी ऐकला तो नुसता आतला आरसा उचलला गेल्याचा आवाज. पडदा उघडतच नव्हता.

९ फेब्रुवारी
दुर्गाबाईला सांगितलं. म्हणाली, "त्या दोघांना पुन्हा बलवायला मी न्हाई जायची. तुम्हीच जा." दोन्ही घरी जाऊन टायराच्या हवेचं खरं सांगितलं. यायला दोघेही कबूल झाले, पण दोन्हीकडं आधी शिव्या खाल्ल्या. त्याही जवळपास सारख्याच.

१२ फेब्रुवारी
अंबडच्या फोटोग्राफर धर्मराजचा कॅमेरा मागून आणला. रोल त्याच्याकडंच धुवायचा, फोटोही तिथंच छापायचे, ही त्याची अट. देताना त्यानं कॅमेरा तोंड खाली करून धरला, फुंकणी हलकेच दोनदा दाबली. "धूळ आपोआप पडती, काका. पडद्यावर हवा मारायचीच न्हाई." ऐकून घेतलं. काय करतो!
दोघे भाऊ पुन्हा सतरंजीवर, तोंडं दोन दिशांना. मी भिंग फिरवत होतो. कारभारी मला न्याहाळत बसला होता. मग मान वळवून म्हणाला, "बद्री, ह्याला फोटोग्राफर कोणी केला रं?"
बद्रीनाथ खाली बघत म्हणाला, "टायरवाल्यानं."
दोघांनाही हसू फुटलं. तेवढ्यात बटण दाबलं. अकरा वर्षांनी पहिला शब्द निघाला, तो माझ्या मूर्खपणावर. निघाला तर निघाला. दुर्गाबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

२० फेब्रुवारी
फोटो दुर्गाबाईच्या भिंतीवर लागला. मागं शिक्का — धर्मराज फोटो, अंबड.