तरंगाचा मान आणि अर्धी गोळी

१२ सप्टेंबर २०११
म्हापशाचे डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, पंप नीट मारत नाही. बीटा ब्लॉकर सुरू. आधी अर्धी गोळी, मग हळूहळू वाढवायची. मनाने बंद केली तर ठोके बिघडतील म्हणे. मान डोलावली. पोरसवदा डॉक्टर, कशाला दुखवा?

२० सप्टेंबर
गोळीनं अंगातली रग गेली. पेडण्याच्या बाजारातून येताना दोनदा बसलो. दसऱ्याला देवाचा तरंग मी धरतो. उंच काठी, वर साड्या गुंडाळलेल्या. मान आमच्या घराण्याचा. पुतण्या बाबली म्हणतो, "काका, औंदा मी धरतंय." डोळा आहे मेल्याचा.

२५ सप्टेंबर
गोळी सोडू का, असा देवीला कौल लावला. गुरव जयरामनं मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलं चिकटवली. डावं पडलं, म्हणजे नको. घरी येऊन विचार केला. देवी माझ्याकडे तोंड करून असते. तिचं डावं ते माझं उजवं! जयरामला बोललो नाही. पिढ्यान्‌पिढ्या चुकतोय बिचारा.

२६ सप्टेंबर
सुमंगलेसमोर गोळी तोंडात, तिची पाठ फिरली की खिशात. संसारात एवढं चालतं.

३० सप्टेंबर
वाघ झालोय! विहिरीचं पाणी स्वतः ओढलं.

४ ऑक्टोबर, दुपार
छातीत फडफड. मधेच एक ठोका गायब, मग तीन एकदम. दसऱ्याचा उत्साह, दुसरं काय.

८ ऑक्टोबर, इस्पितळ
परवा तरंग उचलला. दहा पावलं गेलो आणि काळीज उधळलं. अंग थरथरलं, घाम फुटला. खरं लिहितो, मेलो असं वाटलं. फार भ्यालो. लोकांना वाटलं, अंगात देवाचा भार आला. ढोल वाढवले. शेजारच्या यशोदेनं हात जोडून विचारलं, लेकीला स्थळ कधी? मी "डॉक्टर... डॉक्टर..." एवढंच म्हणू शकलो. तिनं जमिनीला डोकं टेकलं.
सुमंगला धुण्यात सापडलेल्या गोळ्या मुठीत घेऊन धावत आली. "देवाचो भार खंयचो! ह्यांनी गोळी सोडल्यानी!" तेव्हा कुठे मला गाडीत घातलं. तरंग बाबलीनं धरला. म्हणे, छान धरला.

९ ऑक्टोबर
इथले डॉक्टर खूप रागावले. गोळी पुन्हा अर्धीपासून.
संध्याकाळी यशोदा नवऱ्याला घेऊन आली. बरं वाटलं, गावाला काळजी आहे. दोघांनी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला गाठून गाव, गोत्र, पगार विचारला, आणि खूश होऊन साडेपाचची बस पकडली. माझ्या खाटेपर्यंत आलीच नाहीत.