घाटावर माझ्या नावानं दिलेला शब्द

प्राग, १४ मार्च

तीर्थरूप दादास,

ओतूरला सगळ्यांना नूतनचा नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळा चपाती-भाजी करून जेवते. आईचे गुडघे कसे आहेत? तिला एकटीला जेवायला बसवू नका.

आण्णांच्या दहाव्याला मला येता आलं नाही. तू फोनवर सांगितलंस, तासभर कावळा पिंडाला शिवेना. शेवटी तू हात जोडलेस, "आण्णा, नूतन कायमची घरी येईल, तुमी काळजी करू नका." लगेच शिवला.

त्याच दिवशी मी वर्गात १९३८चा म्युनिक करार शिकवत होते. चार मोठी राष्ट्रं जमली आणि या देशाचा मुलूख जर्मनीच्या घशात घातला. या देशाच्या माणसांना खोलीत बोलावलंसुद्धा नाही. इथली मुलं खाली मान घालून ऐकतात.

दादा, मी रागावले नाही. तुझ्या जागी मीही तेच बोलले असते. पण आदल्याच दिवशी मी इथल्या कायमच्या नोकरीवर सही केली होती. आण्णा मात्र तुझ्या शब्दावर निश्चिंत होऊन गेले.

हे पान फाडून टाक. आईला पाकिटातलं दुसरं पान वाचून दाखव. त्यात मी लिहिलंय, येते म्हणून.

तुझी धाकटी,
नूतन